मामांची दोन मतं आणि एक खाट

गोंधळलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण स्वतः शांत बसून सबंध वसाहतीला गोंधळात टाकणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मी कापडाच्या गोदामात ताके मोजणारा माणूस. मोजलेलं पुन्हा मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मामांच्या बाबतीत मात्र दोनदा मोजलं की दोन उत्तरं यायची आणि दोन्ही बरोबर असायची.

मामा मूळचे धुळ्याकडचे. लिंबायतला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, अठ्ठावीस वर्षं काढली. मामी गावी शेत सांभाळायच्या, तिकडेच वारल्या. मग नव्वद सालानंतर मामा त्याच शहराच्या कडेला, कोसाडच्या बाजूला निवृत्त लोकांच्या वसाहतीत राहायला आले. तेव्हा तिथे बारा-बारा खोल्यांच्या दोन ओळी होत्या, चार वर्षांत पाच झाल्या. सगळ्या ओळी सारख्या, सगळी दारं हिरवी, आणि नवी ओळ उभी राहिली की खोल्यांचे नंबर बदलत. त्यामुळे प्रत्येक विस्तारानंतर मामा महिनाभर चुकत. एकदा ते भलत्याच खोलीत शिरून पेपर वाचत बसले. खोलीचे मालक आले, तर मामांनी त्यांना पाणी दिलं, "बसा, घाई कसाले?" म्हणाले, आणि ते गृहस्थही स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे अवघडून अर्धा तास बसले. वर मामांचं बोलणं लूमच्या खडखडाटावर मात करायला तयार झालेलं. कानात सांगितलेलं गुपित तीन ओळी पलीकडे कळायचं.

अशात कमिटीने आणखी तीन ओळी बांधायचा ठराव आणला. त्यासाठी जाणार होतं ते मागचं मोकळं मैदान. थंडीत म्हातारी मंडळी तिथे उन्हाला बसत, आणि तिथेच मामांचा मेथीचा वाफा होता, त्याच्या खुणेने ते आपली खोली शोधत. वसाहतीत दोन तट पडले. "आपल्याला जागा मिळाली, मग दुसऱ्याला नको का?" एक बाजू म्हणे. "अजून छत्तीस माणसं आली तर नळाला पाणी कुणाच्या घरून आणायचं?" दुसरी विचारी. मी तिथला रहिवासी नव्हतो, म्हणून कमिटीच्या प्रमुखसाहेबांनी मतं मोजायला मलाच बोलावलं.

सभेत मामा उठले. "नवी ओळ कसाले पाहिजे? मी दुपारी चक्कर मारी उनू. साठ खोल्या, साठ खाटा, आन् समद्या रिकाम्या! एक खाट दिवसाले एक माणूस, रातले दुसरा. साठ खाटांवर एकशे वीस माणसं झोपतीन. इचारा मन्हा जावाईले!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. हिशोब चुकलेला नव्हता, असं मला प्रामाणिकपणे सांगावं लागलं. एक माजी मास्तर ओरडले, "अहो मामा, आम्ही काय आता रातपाळीला जायचं?" हशा पिकला. मामा मात्र हसले नाहीत.

मग हात वर करायला सांगितले. मी मोजले, परत मोजले. बाजूने एकोणतीस, विरुद्ध एकोणतीस, एकूण अठ्ठावन्न. हजर माणसं सत्तावन्न. तिसऱ्यांदा मोजणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मोजता काय? मामांनी दोन्ही वेळा हात वर केलाय!" प्रमुखसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि मामांची बाजू कोणती ते गुजरातीत विचारलं. "काका, तमे कई बाजु छो?" मामा म्हणाले, "दोन्ही." ठराव तीन महिने पुढे गेला.

घरी मी मामांवर चिडलो. "मामा, तुमचं मत कोणतं ते एकदा सांगा." तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. नव्या खोल्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांच्या लूमवरच्या जोडीदाराचं होतं. लिंबायतला दोघांची मिळून एक खोली आणि एकच खाट. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला, सात ते सात. उठणाऱ्याने चादर झटकायची, उशी पालटून गार बाजू वर करायची आणि येणाऱ्याला खाट द्यायची. हा जोडीदार आता मुलाच्या एका खोलीच्या घरात होता. रात्री तिथे मुलाचा संसार, दिवसा सुनेचं साड्यांना टिकल्या लावायचं काम. म्हातारा रात्री कुठेशी राखणदारी करायचा आणि दिवसा ओट्यावर बसून डुलक्या घ्यायचा. "त्याले पाठ टेकाले जागा नही," मामा म्हणाले, "आन् मैदान गयं तर माले मनं घर सापडाव नही."

यावर तोडगा मामांनीच काढला. वसाहतीचा नियम असा, की पाहुण्यांनी सकाळी सात ते संध्याकाळी सातपर्यंतच राहावं. दुसऱ्या दिवसापासून जोडीदार रिक्षाने सातला हजर. मामा उशी पालटून बाहेर, पाहुणा आत. संध्याकाळी सातला पाहुणा कामावर. वॉचमनच्या वहीत तीन महिने रोज तेच नाव, तीच वेळ. प्रमुखसाहेबांनी नियम चार वेळा वाचला, त्यांना चूक सापडली नाही. मलाही नाही.

पुढच्या सभेत बाकीचे छप्पन्न जण होते तिथेच होते, अठ्ठावीस-अठ्ठावीस. मामांनी या वेळी एकदाच हात वर केला, ठरावाच्या बाजूने. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळी मेथी उपटली आणि ओळीओळीत वाटून टाकली.

वर्षभरात ओळी झाल्या आणि जोडीदार मामांच्या दारासमोरच्या नव्या खोलीत आला. मामा मला म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं एका खाटवर झोपनूत, पन हाऊ घोरस ते माले आते समजनं!" दोघं आता संध्याकाळी दाराशी बसतात. बोलत फारसे नाहीत, बोलायची सवयच नव्हती. मामा अजून घर चुकतात. मग जोडीदार नुसता हात वर करतो, आणि ते त्या दिशेने चालू लागतात.

मागच्या महिन्यात मी सकाळी लवकर गेलो होतो. साताच्या सुमाराला मामांनी चादर झटकली, उशी पालटली आणि दार उघडं टाकून बाहेर आले. मी विचारलं, "मामा, त्यांना त्यांची खाट मिळाली की. आता ही उशी कुणासाठी?"

मामांचं बोट नव्या ओळींवरून फिरलं. बहुधा मोजत असावेत.

"कोनी ना कोनी बिनखाटनं ऱ्हायी गयेल व्हईच ना, जावाई," ते म्हणाले.