गल्लीपेक्षा खाडी बरी

सायकल खांद्यावर घेऊन मला त्या गल्लीतून चालवलं. सकाळी सात वाजता. बायका पाणी भरत होत्या तेव्हा.

"उचल," खोत म्हणाला. "चाकं टेकवायची नाहीत."

मी उचलली. दांडी खांद्यात रुतली. साखळीचं काळं वंगण सदऱ्यावर उतरलं. पुढचं चाक कानाजवळ आपलं आपण फिरत होतं. खोताच्या ओट्याखाली उभ्या असलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "आरं बगा, सायकलीची वरात चाललीय. नवरी खांद्याव हाय." सगळे हसले. मलाही हसू आलं. हे लपवणार नाही. घाबरलेला माणूस मारणाऱ्याच्या बरोबरीनं हसतो.

माझा गुन्हा सांगतो. उरणच्या बाजूनं पनवेलला येताना खाडीवर एक पूल लागतो. दिवाळीनंतर तो दुरुस्तीला काढला. अलीकडे सरकारी पाटी लागली: रस्ता बंद, मोटारी व बैलगाड्यांनी लांबच्या वळणाने जावे, सायकली व पायी जाणाऱ्यांनी गावातून, पलीकडच्या बांधावरून जावे. मी महारवाड्यातला, सातवी पास. पनवेलच्या भातगिरणीत पोती शिवायला जायचो. मोठ्या रस्त्यावर मला कुणी कधी अडवलं नव्हतं. तिथं मिठाच्या गाड्या, ट्रक, सायकली सगळे सारखीच धूळ खात. मी पाटी वाचली आणि सायकलवर बसूनच गावात शिरलो.

खोतकी सरकारनं काढून घेतली होती. ओटा राहिला होता. त्या ओट्यासमोरून आमच्या माणसानं कशावरही बसून जायचं नाही, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ते पाठ होतं. मी पाटीचं बोललो. खोत रागावलासुद्धा नाही.

"पाटी सायकलींसाठी आहे. तू कोण, ते आम्ही ठरवतो."

मग खोताचा निरोप आला की उतरून, हातात धरून नेली तर चालेल. वस्तीतले सगळे तसंच नेऊ लागले. मीही. पण गल्लीतल्या पोरांना नवा खेळ मिळाला होता. एक जण समोर उभा राहून नाव-गाव विचारी, तोवर दुसरा मागच्या चाकाची हवा सोडी. मग पनवेलपर्यंत सायकल ढकलत जायचं. गिरणीचा भोंगा तीनदा चुकला की मुकादम त्या जागी दुसरा माणूस बसवी. माझा दोनदा चुकला.

तेव्हा नानानं खाडी शोधली. नाना माझा धाकटा चुलता, त्याच गिरणीत हमाल. त्याला भरती-ओहोटी तिथीवरून सांगता यायची. ओहोटीला पुलाच्या वरच्या अंगानं खाजणाच्या खाऱ्या चिखलातून उतरायचं, सायकल डोक्यावर घ्यायची, मांडीभर पाण्यातून पलीकडे. गल्ली नको, ओटा नको, कुणाचं तोंड बघायला नको. ओहोटीची वेळ रोज पुढे सरके. कधी आम्ही पहाटे चारलाच पार होऊन गिरणीच्या बंद दाराशी तीन तास कुडकुडत बसायचो. तरी स्वतःला हुशार समजायचो. वस्तीतले लोक नानाकडे वेळ विचारायला येत. नाना ऐटीत सांगे. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी काही विचारत होतं.

एक दिवस निघायला उशीर झाला. नाना म्हणाला, जमंल. मधोमध आलो तेव्हा पाणी पोटाला लागलं होतं आणि चढत होतं. माझा उजवा पाय चिखलात गुडघ्यापर्यंत गेला. तो ओढला की डावा आत जाई. पाणी छातीला आलं. डोक्यावर सायकल, हात वर, मान वाकडी.

"टाक ती सायकल," नाना पुढून म्हणाला.

मी टाकली नाही. ती टाकली की गिरणी गेली, एवढंच डोक्यात होतं. खारट पाणी तोंडात शिरलं. ओरडायचं होतं, आवाज फुटेना. आणि तिथून ती गल्ली दिसत होती. पार कोरडी. चुलींचा धूर. एक दूधवाला घंटी वाजवत ओट्यासमोरून सायकलवर गेला. मी बुडत होतो आणि त्याला बघत होतो.

नानानं मला केसांना धरून ओढलं. सायकल पाण्याखाली गेली. काठावर मी पालथा पडून ओकत होतो. नाना धोतर पिळत उभा होता. मग म्हणाला,

"उद्या जरा बेगीन निगू."

पाण्याला भ्यालो त्याहून मी त्या वाक्याला भ्यालो. आत्ता मरता मरता वाचलो होतो, आणि माझा चुलता उद्या लवकर निघू म्हणत होता. वाईट म्हणजे मीही मान डोलावली. गल्ली आम्हा दोघांच्या मनातच आली नाही. खोतानं साधी काठीसुद्धा उचलली नव्हती. आम्ही आपणहून खाडीत उतरलो होतो आणि त्याला शहाणपण म्हणत होतो.

त्या दिवशी तिसरा भोंगा चुकला. माझ्या सुतळीवर दुसरा माणूस बसलेला होता.

ओहोटीला सायकल चिखलातून काढली. गोड्या पाण्यानं धुतली, तेल दिलं. दोन दिवसांनी दुसऱ्या गिरणीत काम विचारायला निघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो, उतरलो नाही. शूर म्हणून नव्हे. पायडल पायाखालून सारखं सुटत होतं. वाटलं, इथंच धोतर ओलं होणार.

"उतर," खोत म्हणाला.

"उतरणार नाही."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका बारीक निघाला. कुणीतरी मागून कॅरिअर धरलं. मी पडलो. कोपर फुटलं, बरगडीत लाथ बसली. उठलो. त्यांना वाटलं, आता हातात धरून नेईल. मी तिथंच, ओट्यासमोर, परत सायकलवर बसलो. परत पाडलं. परत बसलो. तिसऱ्यांदा कुणी धरलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो तेव्हा पाठीत दगड बसला. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

पावसाळ्याआधी पूल उघडला. पाटी निघाली. वस्तीला हायसं वाटलं. नाना म्हणाला, "मोटा रस्ता हाय ना आता. कशाला जातोस तिकडनं? खुळा हायस." सगळे हेच विचारतात. पोलिसांत गेलो होतो तेव्हा जमादारानंही हेच विचारलं.

मी तिकडूनच जातो. रोज. मोठा रस्ता डावीकडे सोडून. जो रस्ता फक्त सरकारची सोय म्हणून सहा महिने माझा झाला आणि तरीही माझा झाला नाही, तो मी सोडणार नाही. दोनदा मार खाल्ला आहे. पुन्हा खाईन. लोकांना वाटतं, याची भीती मेली. मेलेली नाही. ओटा दिसला की अजून हात ब्रेककडे जातो.

येत्या रविवारी वस्तीतल्या नऊ सायकली त्या गल्लीतून जाणार आहेत. नाना येणार नाही म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. पत्रक मी लिहिलं आहे. छापायला देण्याआधी त्यातला 'निर्भयपणे' हा शब्द मी खोडला. तो खोटा होता. आम्ही नऊ जण घाबरलेलेच जाणार. पण सायकलवर बसून जाणार.