सोमशेखरच्या सीपीयूवरची विभूती

...आणि मग कुंडलिकाच्या दुकानात निंगव्वानं पदराच्या गाठीतून नवाकोरा पेनड्राइव्ह काढला. काल इथवर आलो होतो आणि चहा आला, म्हणून राहिलं. तर त्या पेनड्राइव्हवर विभूतीचे तीन पट्टे! ओल्या बोटांनी ओढलेले, पार पत्र्याच्या तोंडापर्यंत गेलेले.

"सिद्धेश्वराच्या पायाशी ठेवून आनलाय," ती म्हणाली. "आता कसं काम व्हत न्हाय बघते की!"

कुंडलिक मूळचा नातेपुत्याचा. सोलापुरात यंत्रमागांच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. माणूस असा बोलका, की अडलेल्या प्रिंटरशीही भांडायचा. "खा की कागद, खा! घरी जेवला न्हाईस व्हय?" गिऱ्हाईक हसत बसायचं, तेवढ्यात हा काम उरकायचा. त्या दिवशी मात्र त्याला चेष्टा सुचेना.

निंगव्वाचा नवरा सोमशेखर चादरींची नक्षी काढायचा. दुसरा कारखानदार चोरील या धास्तीनं त्यानं नक्षीची नक्कल कुणाला दिली नव्हती, फोनमध्येसुद्धा ठेवली नव्हती. सगळं त्याच्या कॉम्प्युटरात. दिवाळीत तो गेला आणि शेवटची मोराची चादर विणायची राहिली. आता कॉम्प्युटरही चालू होता होता अडकायला लागला होता.

"मोर ज्या जुन्या डिस्कवर हाय, तिला आपन शिवायचंच न्हाय," कुंडलिकानं तिला समजावलं. "नवी सिस्टीम ह्या पेनड्राइव्हवर बसवायची, मशीन तिच्यावर चालू करायची, आन् मोर अलगद भाईर घ्यायचा. ह्यो लाल दिवा बघा. जुनी डिस्क राबाय लागली की ह्यो लुकलुकतो. सिस्टीम बसताना ह्यो गप पायजे."

असल्या कामाची त्याची एकच रीत. आधी सीपीयू उघडून जुन्या डिस्कची वायर उपसायची. मग सिस्टीम कशावर बसवायची, ते विचारणाऱ्या पडद्यावरच्या यादीत एकच नाव उरतं, ते पेनड्राइव्हचं. डोळे झाकून बटन दाबावं! त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला, तशी निंगव्वा उठलीच.

"अण्णा, उघडू नका!"

झाकणाच्या सांध्यावर गेल्या खंडेनवमीची विभूती होती, सोमशेखरच्या बोटांची. पुसट झालेली, पण तिन्ही पट्टे शाबूत.

"त्येंच्या हातचं येवढंच ऱ्हायलंय. झाकण सरकलं की मोडंल."

कुंडलिकानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. निदान पेनड्राइव्हचं तोंड तरी पुसावं असं त्याच्या मनात आलं. पण तिच्या डोळ्यांदेखत विभूतीला फडकं लावायला हात धजेना. तसाच खोचला. शेजारी सिस्टीम बसवून देणारा त्याचा नेहमीचा पेनड्राइव्ह होताच.

बाहेर दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला. एकेक माग थांबत गेला आणि गल्ली अशी गप झाली, की पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू यावी. पडद्यावर यादी आली. एकच नाव. इतकी वर्षं एकच नाव बघत आलेले डोळे ते. आज वायर आत तशीच आहे, म्हणजे नावं दोन हवीत, हे त्यांना टोचलंच नाही. वाळलेल्या राखेनं नव्या पेनड्राइव्हचं तोंड धरलं होतं. मशीनला तो दिसलाच नव्हता; यादीतलं नाव जुन्या डिस्कचं होतं.

सगळी डिस्क पुसायची का, असं पडद्यानं विचारलं. कुंडलिकानं हो म्हटलं.

"मोर कसा हाय वो?" त्यानं विचारलं, वेळ जावा म्हणून.

"मान मागं वळवून बघनारा. मी म्हनलं, बायकोला हाक मारतोय जनू. तर म्हनले, मारतोयच की!" निंगव्वाला हसू आलं, आणि हसता हसताच ती थांबली. "अण्णा... त्यो दिवा."

लाल दिवा लुकलुकत होता. आत जुनी डिस्क गुरगुरत होती.

कुंडलिकानं भिंतीतली पिनच उपटली. पडदा काळा झाला. गुरगुर हळूहळू विरली. त्यानं नवा पेनड्राइव्ह उपसून पाहिला, तर तोंडात राख घट्ट बसलेली. त्यानं पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि झाकणाशी नेऊन तसाच धरून राहिला. राखेचे ते तीन पट्टे बरोबर समोर होते.

"माज्या विभूतीनं झालं व्हय, अण्णा?" निंगव्वा म्हणाली. "मोर हाय का गेला?"

"विभूती तुमची, अक्का, पर बटन मी दाबलं. मोर हाय का गेला, ते डिस्क भाईर काढून तपासल्याबिगर मलाबी कळनार न्हाय. आता तुमीच सांगा, झाकण उघडू?"