उचललेली वाटी

नांदेडला कॉलेजात नोकरी लागल्यावर मी जी पहिली खोली घेतली, तिच्या जिन्यात मला ही मांजर सापडली. चार वर्षांत चांगली गुबगुबीत झाली होती. गेल्या उन्हाळ्यात मी खोली बदलली. नव्या खोलीत ती पलंगाखाली जाऊन बसली आणि तिने खाणं सोडलं. मला वाटलं, ऊन फार आहे, जागा नवी आहे, खाईल हळूहळू. कॉलेजला सुट्टी लागली तशी तिला टोपलीत घालून, वर ओढणी बांधून, एसटीने देवणीजवळच्या आमच्या गावी घेऊन आले.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य गायीगुरांत गेलं. त्यांनी टोपली ओसरीवर उघडली, तिचा कान उन्हाकडे धरून पाहिला, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या.

"पिवळी पडलीय. कावीळ हाय धाकलीला," ते म्हणाले. मी थोरली, मांजर धाकली, असं त्यांनी पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

त्यांचं निदान बरोबर होतं. चूक पुढे झाली, आणि ती माझी होती.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर मला कावीळ झाली होती. तेव्हा अप्पा नांदेडला आले, मला अक्षरशः पाठीवर घेऊन एसटीत बसवलं आणि शेजारच्या गावच्या औषध देणाऱ्या बाबांकडे नेलं. तीन दिवस सकाळी उपाशीपोटी ताकातून मुळीची पूड, आणि महिनाभर पथ्य: तेल नाही, तूप नाही, दूध नाही, नुसत्या ज्वारीच्या कण्या. मी बरी झाले, परीक्षेला बसले, घराण्यातली पहिली पदवीधर झाले. त्या पदवीत अप्पांच्या त्या तीन सकाळी आहेत, असं मी आजही मानते. म्हणून अप्पा म्हणाले, "बाबाकडनं पुडी आणतो," तेव्हा मी एका शब्दाने विचारलं नाही की मांजरीला हे चालतं का. उलट पथ्य मीच कडक लावलं.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने न राहवून दुधाची वाटी मांजरीपुढे ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मांजरीने मान वर केली. उठली, वाटीपर्यंत आली, जिभेचं टोक दुधाला लावलं. मी धावत जाऊन वाटी उचलली.

"अव्वा, पथ्य हाय तिला."

"मुकं जनावर हाय गं. घोटभर पिली तर काय व्हतंय?"

"मला दिलं व्हतंस का तू दूध?"

मांजर वाटी होती त्या जागेचा वास घेत थोडा वेळ उभी राहिली, मग पोत्याच्या घडीवर परत जाऊन पडली. चौथ्या दिवशी तिला मान उचलवेना. तेव्हा अप्पाच म्हणाले, "बाई, हे माझ्या हातातलं न्हाई. लातूरला जाऊ."

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त घेतलं, पायाला सलाईन लावलं आणि मग शांतपणे एकेक विचारायला सुरुवात केली. किती दिवस खाल्लं नाही? घरी काय दिलं? अप्पांनी मुळीच्या पुडीचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"मधल्या काळात एकदा तरी कशाला तोंड लावलं का हिने?" त्यांनी विचारलं.

"दुधाला लावलं होतं," मी म्हणाले. "मी वाटी काढून घेतली. पथ्य म्हणून."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावलं, की जाड मांजर उपाशी राहिली की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि त्यानेच ती पिवळी पडते. "माणसाची कावीळ पुष्कळदा विश्रांतीने उतरते. हिची उपाशी ठेवून वाढते. हिला अन्न हेच औषध. बाकी माझी इंजेक्शनं उलटी थांबवायला आणि ताकद द्यायला. आणि ती पुडी आता बंद, काका. त्यात काय आहे ते मला माहीत नाही, आणि हिचं लिव्हर आता आणखी काही सोसायचं नाही."

"वाचंल का?" अप्पांनी विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही. आपण होऊन खायला लागली, तर वाचली म्हणायची."

तिच्या नाकातून बारीक नळी घालून त्यांनी तिला तीन दिवस ठेवून घेतलं. आम्ही बापलेक रोज एसटीने ये-जा केली. येताना खिडकीशी बसून अप्पा एकदाच बोलले. "तुझ्या येळंला बी मी चुकलो असंल का?" त्याचं उत्तर मला आज देता येतं. मला पुडीने बरं केलं की विश्रांतीने, हे मला ठाऊक नाही. पण उशाशी ते बसून होते, ते तर खरंच होतं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सुई नसलेली सिरिंज दिली. दिवसातून पाच वेळा, पातळ करून, थोडं थोडं भरवायचं. अप्पांनी आई मेलेली वासरं हाताने जगवलेली होती. त्यांनी सवयीने मांजरीची हनुवटी वर केली.

"तसं नाही काका. मान वर केली की फुप्फुसात जाईल. गालाच्या कडेने, तिने गिळलं की मग पुढचं."

साठी उलटलेल्या माझ्या वडिलांनी मान डोलावली आणि त्यांच्यासमोर तीनदा तसं करून दाखवलं.

भरवायचं होतं ते उकडलेलं कोंबडीचं मांस, वाटून. आमचं घर लिंगायत. अव्वाच्या गळ्यात लिंग, आमच्या चुलीवर कधी अंडंसुद्धा शिजलेलं नाही. मी म्हणाले, मी तिला घेऊन नांदेडला जाते, तिथे करीन. अव्वाने ऐकून घेतलं, मागच्या दारी गेली, आणि तीन दगड मांडून त्यावर जुनं जर्मनचं पातेलं ठेवलं.

"तू आण. मी शिजवते."

"तुला चालंल का?"

"मी कुठं खातेय? पोटाचं हाय तिच्या."

रोज ती शिजवायची, वाटायची, आणि पूजेला बसण्याआधी पुन्हा डोक्यावरून आंघोळ करायची. बोलणी मात्र अप्पांना बसायची. अप्पा मांडीवर फडकं टाकून, मांजरीला कुशीत धरून, थेंब थेंब भरवत असत.

"मला बाळंतपणात पाण्याचा गिलास दिला न्हाई ह्या माणसानं. आता बगा."

"तू चावत व्हतीस," अप्पा वर न बघता म्हणाले. "ही गरीब हाय."

इंजेक्शनं द्यायला डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचे एक डॉक्टर देवणीहून येत. बाकी अप्पांचं होतं: अंग पुसणं, पाठीवरून उलटा हात फिरवणं, सावलीप्रमाणे पोतं सरकवणं. कान रोज उन्हाकडे धरून बघणं. पिवळेपणा उतरत होता, पण ती आपण होऊन खात नव्हती. दोन आठवडे होत आले. माझी सुट्टी संपत आली होती. प्रत्येक वेळी अप्पा आधी वाटी तिच्यापुढे ठेवायचे, ती तोंड फिरवायची, मग सिरिंज.

त्या सकाळी अव्वाने वाटी मागच्या दारीच ठेवली, चुलीजवळ, निवायला. मांजर पोत्यावरून उतरली. मागचे पाय अजून लटपटत होते. ती दाराचा उंबरा चढून गेली, वाटीशी थांबली, वास घेतला. आणखी वास घेतला. मी वाटीच्या सगळ्यात जवळ बसले होते. माझे दोन्ही हात मी ओढणीत गुंडाळून घट्ट धरले.

"आता उचलू नकोस गं," अव्वा हळूच म्हणाली.

अप्पा दारात सिरिंज घेऊन उभे होते. कुणी हललं नाही. मांजरीने जीभ लावली, थांबली, परत लावली. अर्धी वाटी खाल्ली तिने. मग तिथेच बसून, कितीतरी दिवसांनी, पंजा ओला करून तोंड पुसायला लागली.

अप्पांनी सिरिंज खिशात ठेवली. अव्वा बादली उचलून दुसऱ्या आंघोळीचं पाणी काढायला गेली.