कुंकू लागलेला डबा

आमच्या ह्यांचं नाव संगमेश, अन् दुखणं एकच. कुणाला ‘न्हाई’ म्हणता येत न्हाई. सिरसाळ्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान. कुणी काय बी घेऊन या, हे म्हणणार, "बसंल की."

रविभावजी त्यांचे जिवाचे दोस्त. भावजींचा खिळ्यांचा, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना होता. लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर निघायला लागल्या, तसं गिऱ्हाईक फिरकंना झालं. दोन हजार साली भावजींनी खिळे भंगारात घातले अन् ह्यांना म्हणले, "संग्या, कॉम्प्युटर जोडून दे बे. पाडव्याला दुकान चालू झालं न्हाई तर मला कड्याच्या साखर कारखान्यावर नोकरीला जावं लागंल."

मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर सगळे भाग बसतात ती पाटी, ह्यांनी औरंगाबादहून आणली. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, भावजी पुण्याला लग्नाला गेलते तवा घेऊन आले. ह्यांनी सांगितलेल्या नावाचाच. भावजींच्या आईनं, साखराबाईनं, डबा दारातच हातात घेतला, हळदीकुंकू लावून देवाजवळ ठेवला. "लक्ष्मी हाय. पाडव्याआधी फोडायचा न्हाई."

डबा बघून हे घरी आले अन् मला म्हणले, "डबा लई मोठा हाय गं. एकाच नावाचे दोन तऱ्हेचे येतेत, चौकोनी अन् लांबट. आपल्या पाटीवर चौकोनीच बसतो."

"मग तिथं कावून बोलला न्हाईत? जाऊन फोडून बघा."

"म्हातारीनं एवढ्या हौसेनं ठेवलाय."

मला असा संताप आला. हौस म्हातारीची, भीड ह्यांची, अन् पोट भावजींचं.

पाडव्याला गावातली माणसं जमली. डबा फोडला, अन् साखराबाईनं आतल्या वस्तूवरच कुंकवाचं बोट ओढलं. लांबटच निघाला. ह्यांनी तो पाटीवर उलटासुलटा धरून बघितला, बसंना. माणसं गाठ्या खाऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हे डबा घेऊन पुण्याला गेले. प्रोसेसरच्या सोनेरी पट्ट्यांत कुंकू बसलेलं बघून दुकानदार म्हणला, वापरलेला माल परत घेत न्हाई. कुठं लावलाच न्हाई म्हणून ह्यांनी लई विनवण्या केल्या.

दुसरा घ्यायला पैसा उरला न्हवता. भावजी कड्याला गेले, कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर लागले.

पुढं ह्यांनी लांबट प्रोसेसर बसंल अशी जुनी पाटी हुडकून आणली, कॉम्प्युटर जोडला अन् टेम्पोत घालून कड्याला नेला. मी बी संगं गेलते. एका बटणात चालू झाला. भावजी पडद्याकडं बघत बसले. मग हळूच म्हणले, "संग्या, पाडव्याआधी तुला शंका आलती का?"

हे रुमालानं कीबोर्ड पुसाया लागले. मी कशाला खोटं बोलू? म्हणलं, "आलती, भावजी."

भावजींनी बटण बंद केलं. "मला एकट्याला तरी सांगायचं बे," म्हणले. आम्हाला चहा पाजला. मग कॉम्प्युटर उचलून त्यांनी आपल्या हातानं परत टेम्पोत ठेवला.