लॅव्हेंडर, खुरपं आणि जावेचा पाय

लॅव्हेंडरची पहिली चार रोपं मी बुडवून मारली. पुढची चारही तशीच मारली, फक्त जास्त मायेनं. तिसऱ्या खेपेला रोपं आणायच्या आधीच माणसावर गेले.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठ वर्षांची. आज सत्तरीच्या उंबऱ्यावरून त्या बाईकडं बघते तेव्हा वाटतं, हिच्या हातात लोखंडाची कुठलीच वस्तू द्यायला नको होती.

पुंडलिकनगरातलं आमचं घर दोन भावांचं. खाली आम्ही, वर धाकटे दीर आणि जाऊ. पुढचं फरशीचं अंगण दोघींचं मिळून, आणि त्याच्या कडेला दोन वाफे, एक माझा, एक तिचा. मधे कडुनिंब होता. वळवाच्या एका वादळात तो मुळासकट आडवा झाला आणि फाटकाचा चेंदामेंदा करून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऊन जे अंगणात शिरलं ते दिवस मावळेपर्यंत हललं नाही. सावलीत वाढलेली माझी सगळी झाडं आठ दिवसांत तळलेल्या पापडासारखी झाली. मी ती उपटून रस्त्यावर फेकली.

जाऊ व्यवहारी. तिनं तिच्या वाफ्यात वांगी आणि मिरच्या लावून टाकल्या. मला मात्र फोनवर कुठल्या तरी परदेशातलं जांभळं अंगण दिसलं होतं. लॅव्हेंडरच हवं, असं मी जाहीर केलं. शेजारणींना नाव उच्चारता येत नव्हतं, हा त्यातला मुख्य आनंद.

वेरूळच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत रोपं मिळाली. नर्सरीवाला म्हातारा, तोंडात तंबाखू. म्हणाला, "मावशी, ह्याला पानी लई नका घालू. आन् माती हलकी पायजे. मुरूम, वाळू, खडी."

"खडीत काय लावतात, दादा? आम्ही शेतकऱ्याच्या घरच्या आहोत," मी म्हणाले. किती तोऱ्यात म्हणाले असेन, ते आठवून अजून कानशिलं तापतात.

लासूर स्टेशनजवळ आमची जमीन आहे. काळीभोर, लोण्यासारखी. आमच्या घरात देवाखालोखाल त्या मातीचा मान. मी ट्रॉलीभर माती मागवली, वाफा काठोकाठ भरला, वर शेणखत ओतलं आणि मधे लॅव्हेंडर लावलं. सोबतीला काय लावावं? सुगंधाला सुगंध म्हणून पुदिना, आणि पानं भरगच्च दिसावीत म्हणून अळू. म्हणजे वाळवंटातल्या पाहुण्याला दोन बेडकांच्या मधे झोपवलं.

शिवाय रोज सकाळी अंघोळ झाली की तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी. आमच्याकडं नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं, ड्रम भरून ठेवावे लागतात. त्यातला तांब्या झाडाला देणं म्हणजे आपल्या तोंडातला घास काढून देण्यासारखं. एवढी माया मिळाल्यावर कोण मरेल?

तीन आठवड्यांत चौघंही मेली. खालून काळी पडली, वरून राखाडी झाली. अळू मात्र हत्तीच्या कानाएवढं फुगलं. मी कोयत्यानं ते बुडापासून छाटलं, जसं काही त्यानंच गळे दाबले होते. पुन्हा चार रोपं आणली. ऊन जास्त लागलं असेल म्हणून ह्या वेळी दोन तांबे.

ती माना टाकायला लागली तेव्हा एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं. जाऊ माझ्या वाफ्याशी वाकून तांदळाचं धुवण ओतत होती.

मी अनवाणी बाहेर धावले. "अगं ए! काय ओततेस? त्यात काय कालवलंय?"

"काय कालवनार? धुवण हाय. रोज घालते. तुमची रोपं सुकलेली दिसली म्हनून."

"रोज? म्हणजे तूच मारलीस! आठच्या आठ तूच मारलीस!"

"ताई, तोंड सांभाळा. मला तुमच्या गवताशी काय करायचंय?"

गवत! मी वळले आणि तिच्या वाफ्यात शिरले. वांग्याची झाडं फळांवर आली होती. मी एकेक झाड बुंध्याला धरून उपटलं आणि फरशीवर आपटलं. काटे हातात घुसत होते आणि मला त्याचंही बरं वाटत होतं. वांगी फुटून बिया उडाल्या. तिनं हातातलं पातेलं माझ्या पाठीत हाणलं. दोघी मिळून एकशे पंधरा वर्षांच्या, आणि एकमेकींच्या झिंज्या धरल्या. पण शिव्या देतानाही तिनं 'तुम्ही' सोडलं नाही. "तुम्ही हडळ हायत! तुमचं मढं गेलं वाफ्यात!" असं चाललं होतं. शेवटी ती माझ्या हातून सुटली आणि जिन्याकडं वळली, आणि मी पडलेलं खुरपं उचलून फेकलं.

मला नेम लावता येत नाही. लग्नात अंतरपाटाच्या वरून टाकलेल्या अक्षता भटजीच्या डोळ्यात गेल्या होत्या माझ्या. पण त्या दिवशी खुरपं बरोबर तिच्या टाचेच्या वर बसलं. ती ओरडली नाही, खालीच बसली. पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं. फरशीवर वांग्याच्या बिया होत्या, त्यांच्यातून रक्ताचा ओघळ वाट काढत गेला.

टाचेची शीर निम्मी तुटली होती. ऑपरेशन झालं, प्लॅस्टर झालं. डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पडले." माझं नाव घेतलं नाही, आणि माझ्याशी बोललीही नाही.

दोघा भावांनी बोलून ठरवलं, अंगणात मधोमध भिंत घालायची. वरच्या जिन्याला रस्त्याकडून वेगळं फाटक. ह्यांनी मला फक्त सांगितलं, विचारलं नाही. चार दिवसांत विटा येऊन पडल्या. ज्या अंगणात पस्तीस उन्हाळे आम्ही एका बाजेवर कुरडया वाळवल्या, तिथं आता तिचं अंगण आणि माझं अंगण होणार होतं. गवंडी सोमवारी येणार होता.

शनिवारी मी रिक्षा करून नर्सरीत गेले. मेलेलं एक रोप मातीच्या ढेकळासकट पिशवीत नेलं होतं. मला पुरावा हवा होता, तिनं त्यात काहीतरी घातलं ह्याचा. म्हाताऱ्यानं ढेकूळ हातात दाबलं. बोटांतून पाणी आलं. मुळं त्यानं नखानं सोलली, आतून शेवाळी, कुजकी.

"कुनी मारलं नाय, मावशी. ही काळी माती पानी सोडतच नाय. पहिल्या दिवशीच बुडवलंय तुम्ही."

"आणि वरून कुणी रोज धुवण घातलं तर?"

"मेलेल्याला धुवण घातल्यानं काय होतंय?"

रिक्षात परत येताना मी रडले असं लिहायला हवं. रडले नाही. मला सगळ्याचा राग आला होता. मातीचा, तोऱ्याचा, लासूरच्या सात-बाऱ्याचा. घरी आल्या आल्या मी कुदळ घेतली आणि माझा वाफा फोडायला लागले. भर दुपारचं ऊन. काळी माती खणून अंगणभर फेकली. दीड फूट खाली गेले, तळहाताची कातडी सोलून निघाली. आता तळाला खडी हवी होती. खडी नव्हती. विटा होत्या.

मी हातोडा आणला आणि भिंतीच्या विटा फोडायला सुरुवात केली.

दहा-बारा फोडल्या असतील. तुकडे डोळ्याशी येत होते. वर बघितलं तर जाऊ गॅलरीत उभी, काखेत काठी. किती वेळ बघत होती कोण जाणे. मग जिन्यावर आवाज आला. ती बसून एकेक पायरी खाली सरकत येत होती, प्लॅस्टरचा पाय पुढं धरून. मी उठले नाही. उठून धरायची माझी हिंमतच झाली नाही. फरशीवर येऊन तिनं विटांच्या ढिगाला पाठ टेकली आणि माझ्या हातातला हातोडा काढून घेतला.

"अशा नाय फुटत. आडवी धरा. मी हानते."

मी वीट आडवी धरली. तिनं हातोडा उचलला आणि हाणला. विटेवर नाही, माझ्या अंगठ्यावर. डोळ्यांसमोर पांढरं झालं. नख जागच्या जागी काळं पडायला लागलं.

तिनं वाकून नीट बघितलं. "दुखतंय का, ताई?"

"व्हय."

"बरं," ती म्हणाली आणि दुसरी वीट माझ्यापुढं ठेवली. मी ती धरली. ह्या वेळी हातोडा विटेवरच पडला.

संध्याकाळी दोघं भाऊ फाटकातून आत आले तेव्हा अर्ध्या विटांचा चुरा झाला होता आणि आम्ही दोघी लाल धुळीनं माखून बसलो होतो. हे म्हणाले, "अगं, सोमवारी गवंडी येतोय! भिंत कशाची घालायची?"

जाऊ दिराकडं बघून म्हणाली, "निम्म्या शिल्लक हायत. त्या उद्या फोडतो."

पुढच्या आठवड्यात मी रोपं आणली. म्हाताऱ्यानं ह्या वेळी उन्हाला टिकणारं, दातेरी पानांचं लॅव्हेंडर दिलं. खाली विटांचा चुरा, वर मुरूम आणि वाळू, काळी माती मूठभर, तीही मानापुरती. सोबतीला काय, ते जाऊ खुर्चीवर बसून ठरवत होती. पुदिन्याचं नाव मी काढलं तर काठी आपटली. कोरफड चालेल, चिनी गुलाब चालेल, सदाफुली चालेल. रोझमेरी तिला आवडली नाही, झाडूसारखी दिसते म्हणाली, पण पाणी मागत नाही म्हटल्यावर कोपऱ्यात जागा दिली. पाण्याचा तांब्या तिनं स्वतःकडं घेतला. बोट दोन पेरं मातीत खुपसून कोरडं आलं तरच पाणी, नाहीतर नाही.

ती आजही पाय ओढत चालते. त्याबद्दल मी माफी मागितली नाही, तिनं मागायला लावली नाही. रोपं लावली त्या दिवशी मी खाली उकिडवी बसून खड्डे घेत होते आणि ती वरून काठीनं दाखवत होती.

"तिथं नाय. दाटी व्हईल. वीतभर इकडं घ्या."

मी वीतभर इकडं घेतलं.