‘म्हणे’चे इंग्रजी शिकवणाऱ्या हिवराळे मॅडम

प्रा. कुसुम हिवराळे मॅडम यांची आणि माझी ओळख झाली ती एका परत आलेल्या शोधनिबंधामुळे. जालन्याच्या आमच्या महाविद्यालयात बीजशास्त्र विभागात मी नुकताच रुजू झालो होतो. एका नियतकालिकाने ‘भाषा समजत नाही’ असा शेरा मारून माझा निबंध परत पाठवला. तो घेऊन मी इंग्रजी विभागात गेलो आणि म्हणालो, “मॅडम, जरा व्याकरण बघून देता का?” मॅडमनी कागद घेतले, पण वाचले नाहीत. पालथे करून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “बसा सर. तुम्हाला काय सापडलं, ते आधी मराठीत सांगा.”

मी सांगू लागलो. बियाण्याच्या साठवणुकीवर बोलता बोलता हसनाबादची बोली कधी तोंडात आली, मला कळलेच नाही. मॅडम मधूनच एखादा प्रश्न विचारत होत्या. माझे सांगून झाल्यावर त्यांनी कागद सुलटे केले, शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, “आत्ता जे बोललात, ते यात कुठंय?”

मला तरी ते सापडेना. आम्ही दोघेही हसलो. मॅडमनी माझे एकही वाक्य दुरुस्त केले नाही. मी बोललो तसे पुन्हा लिहून काढायला लावले. निबंध पुढे छापून आला. तेव्हापासून आमच्या विभागातली बरीच मंडळी ‘व्याकरण बघायला’ म्हणून त्यांच्याकडे जातात आणि भलतेच काही शिकून परत येतात.

काही वर्षांनी आमच्या संशोधन केंद्रात परदेशी विद्यार्थी येऊ लागले. टांझानिया, सुदान, नेपाळ, अफगाणिस्तान. बियाण्यांच्या व्यापारामुळे जालन्याचे नाव त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. ही मुले इंग्रजी छान बोलत. काहींचे इंग्रजी तर आम्हा प्राध्यापकांपेक्षा सफाईदार होते. पण प्रबंध लिहायला बसली की अडत. पुस्तकातले वाक्य, मार्गदर्शकांचे मत, स्वतःचा अंदाज आणि प्रयोगात दिसलेली गोष्ट, सगळे एकाच खिचडीत. कोणते काय, ते वाचणाऱ्याला उमगत नसे. विद्यापीठाकडून प्रबंध परत येऊ लागले. तेव्हा मॅडमनी आपणहून सकाळचा वर्ग सुरू केला. वेळापत्रकात तो नव्हता आणि कुणी सांगितलाही नव्हता.

पहिले काही दिवस मुले कंटाळली. संदर्भ कसा द्यावा, अवतरणचिन्हे कुठे घालावीत, हे नियम त्यांनी आधीही ऐकले होते. मग एके दिवशी मॅडम माझ्याकडे आल्या. “सर, तुमच्या गावाकडं घेऊन चला की या पोरांना. मला तिथल्या गप्पा त्यांच्या कानावर घालायच्यात.”

आम्ही हसनाबादला गेलो. माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, रानात हरभऱ्याची तयारी करत होते. नीमा ही टांझानियाची विद्यार्थिनी बी भिजवून पेरण्यावर काम करत होती. तिने विचारले, मी भाषांतर केले. तात्या म्हणाले, “शेजारचा भगवान म्हणून राह्यला का बी भिजवून पेरलं तर जल्दी उगवतं. मेव्हणा म्हणतो, बिलकुल न्हाई, सडतं. कृषी खात्याचे साहेब आल्ते, त्यांनीबी भिजवणं चांगलंच सांगितलं म्हणे. मी त काही पाह्यलं न्हाई बुवा.”

मॅडमचा चेहरा उजळला. परतताना गाडीत त्यांनी तात्यांचे बोलणे मुलांना इंग्रजीत पुन्हा सांगितले आणि म्हणाल्या, बघा, हा माणूस एका दमात किती गोष्टी वेगळ्या ठेवतो. भगवान काय म्हणतो, मेव्हणा काय म्हणतो, साहेबांचे तर यांनी प्रत्यक्ष ऐकलेलेही नाही, कुणाकडून तरी कानावर आले आहे. आणि स्वतः पाहिलेले नाही, हेही सांगून टाकतो. मग त्यांनी मुलांना ‘म्हणे’ हा आपला शब्द शिकवला. दुसऱ्याकडून कळलेली गोष्ट सांगताना मराठी माणूस तो वाक्याच्या शेवटी लावतो. तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक वाक्याला हा शब्द लागतो का ते विचारा, मॅडम म्हणाल्या. लागत असेल तर कोण म्हणाले ते लिहा, लागत नसेल तर ते तुमचे, त्याची जबाबदारी तुमची.

मुलांना हे इतके आवडले की सुदानचा इद्रिस ऊठसूट ‘म्हणे’ म्हणू लागला. मेस कधी उघडणार असे विचारले तर इंग्रजीत वेळ सांगून शेवटी गंभीरपणे ‘म्हणे’ जोडायचा. सगळे हसत. पण त्या सत्रात मुलांच्या लिखाणात फरक पडला, हे मी सहमार्गदर्शक या नात्याने पाहिले आहे.

मॅडमचे खरे काम मात्र मला नीमाच्या बाबतीत दिसले. तिचे मार्गदर्शक डॉ. लहाने सर, आमच्या विभागाचे प्रमुख. हरभऱ्याचे बी रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून पेरावे, ही शिफारस सरांनीच पूर्वी अभ्यास करून मांडलेली. जिल्ह्यातल्या मेळाव्यांत ते ती आवर्जून सांगत. नीमाने महाविद्यालयाच्या हलक्या, मुरमाड प्लॉटवर प्रयोग केला आणि तात्यांच्या भारी काळ्या रानातही केला. मुरमाड जमिनीत भिजवलेले बी छान उगवले. काळ्या रानात पेरणीच्या वेळी ओल भरपूर होती. तिथे ते कुजले.

नीमाने प्रकरण लिहून मॅडमना दाखवले. मी तिथेच बसलो होतो. मॅडमनी पाने चाळली आणि त्यांचे बोट एका तक्त्यावर थांबले. “हा तक्ता एक सांगतोय आणि खालचा परिच्छेद दुसरंच. काळ्या रानाबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस.”

नीमा खाली बघत म्हणाली, “मॅडम, ते माझे मार्गदर्शक आहेत. आमच्या घरी जेवताना वडिलांना कुणी ‘तुम्ही चुकलात’ म्हणत नाही.” (त्यांचे बोलणे इंग्रजीतून झाले, मी मराठीत देतो आहे.)

“मग तक्ता काढून टाक.”

“ते खोटं होईल.”

“मग?”

नीमाच्या डोळ्यांत पाणी आले. “तुम्हीच ते वाक्य लिहून द्या. तुमचं इंग्रजी इतकं चांगलं आहे. तुम्ही लिहिलंत तर त्यांना राग येणार नाही.”

“मी लिहिलं तर ते माझं मत होईल. मी तर तुझं बी उगवताना किंवा कुजताना पाहिलेलंही नाही.”

नीमा एकदम चिडली. “तुम्हाला बोलायला काय जातं? तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी नाही. माझी पदवी त्यांच्या सहीवर आहे!”

मला वाटले, आता मॅडम रागावणार. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी टेंभुर्णीची गोष्ट सांगितली. मॅडम टेंभुर्णीच्या बौद्ध कुटुंबातल्या. आई शेतमजुरी करायची, वडील प्राथमिक शिक्षक. शाळेत इंग्रजी म्हणजे पाठांतर. मॅडमना सगळी उत्तरे तोंडपाठ असत. पुढे विद्यापीठात एका बाईंनी भरवर्गात विचारले, ‘हिवराळे, तुला काय वाटतं?’ आणि त्या उभ्याच राहिल्या. तोपर्यंत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. मुले हसू लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘थांबा, ती विचार करतेय. आपण वाट बघू.’ सगळा वर्ग गप्प बसून राहिला. शेवटी मॅडम एकच तोडकेमोडके वाक्य बोलल्या. पण ते त्यांचे होते.

“मीही वाट बघते,” मॅडम नीमाला म्हणाल्या. “पण वाक्य तुझंच हवं.”

त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. नीमा रोज मसुदा आणायची. पहिल्या मसुद्यात होते, ‘ही शिफारस चुकीची आहे.’ मॅडमनी समासात लिहिले, ‘सगळीकडे? तू किती रानं पाहिलीस?’ पुढचा मसुदा इतका मऊ झाला की त्यात काय घडले तेच कळेना. समासात शेरा आला, ‘बी उगवलं की नाही?’ मॅडमच्या पेनने कधी उत्तर लिहिले नाही, फक्त प्रश्न लिहिले. एकदा त्यांनी फळ्यावर मराठीत ‘आहे’, ‘असावे’ आणि ‘असू शकते’ असे शब्द लिहिले, त्यांचा अर्थ समजावून सांगितला आणि विचारले, “तुझी खात्री यातल्या कुठल्या शब्दाएवढी?” नीमा तिसऱ्या शब्दाकडे बोट करून म्हणाली, “कारणाबद्दल इतकीच. पण बी कुजलं, हे पहिल्या शब्दाएवढं खरं आहे.” मॅडम जागेवरून उठल्या आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

मग सादरीकरणाचा दिवस आला. सभागृहात समिती, पहिल्या रांगेत लहाने सर. सरांचा स्वभाव तापट. आम्ही सगळेच धास्तावलो होतो. मॅडम मुद्दाम शेवटच्या रांगेत बसल्या. नीमा काळ्या रानाच्या तक्त्यापाशी आली आणि म्हणाली, “लहाने सरांनी हलक्या जमिनीत दाखवलेला फायदा आमच्याही प्रयोगात हलक्या जमिनीत दिसला. भारी जमिनीत मात्र बी कुजले. जास्तीची ओल हे त्यामागचे कारण असू शकते. ते तपासायला हवे.”

सरांनी चष्मा काढला. “म्हणजे मी चुकलो?”

“सर,” नीमा म्हणाली, “तुम्ही पाहिलेल्या जमिनीत तुम्ही बरोबर होता. मी पाहिलेल्या दुसऱ्या जमिनीत मला वेगळं दिसलं.”

सरांनी तक्ता पुन्हा दाखवायला सांगितला. पुढे वाकून, ओठ हलवत, आकड्यांवरून नजर फिरवली. मग मागे वळून माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, “बराबर हाय की हो! भारी रानात कुणी करूनच पाह्यलं न्हवतं.” त्यांनी स्वतःच नीमाला ओल मोजायचे पुढचे प्रयोग सुचवले. चहाच्या वेळी ते मॅडमना गाठून म्हणाले, “हिवराळे मॅडम, ही पोरगी माझ्यासंगं भांडली, अन् भांडली ते मला कळलंच न्हाई. असलं कसलं इंग्रजी शिकवून राह्यलात तुम्ही?” मॅडम हसून म्हणाल्या, “मी न्हाई सर, तिचं तिनंच लिहिलंय.”

पुढच्या मेळाव्यात लहाने सरांनी शेतकऱ्यांना भारी रानात बी भिजवू नका असे सांगितले, आणि हे माझ्या विद्यार्थिनीचे म्हणणे आहे, असे तिचे नाव घेऊन सांगितले. नीमाचा प्रबंध मान्य झाला. आज ती तिच्या देशात एका कृषी महाविद्यालयात शिकवते.

मॅडमच्या मायेचे अनुभव तर कितीतरी. इद्रिसला डेंग्यू झाला तेव्हा त्या रोज मऊ खिचडी घेऊन दवाखान्यात जात. तो बिचारा पडल्या पडल्या राहिलेल्या प्रकरणाबद्दल बोलू लागला, तर त्यांनी दटावले, “गप पड. आज सुट्टी.” रमजानमध्ये सकाळचा वर्ग मुलांच्या सोयीने पुढे-मागे होई. थंडी सुरू झाली की नव्या मुलांना घेऊन त्या जुन्या जालन्यात जाड चादरी घ्यायला जात आणि दुकानदाराशी असा भाव करत की मुले आ वासून बघत. माझ्या पहिल्या परदेशी परिषदेआधी त्यांनी त्यांच्या गच्चीवर मला माझे भाषण तीनदा म्हणायला लावले. श्रोते म्हणून स्वतः बसल्या, वर यजमानांनाही बसवले. यजमानांना विषयातले काहीच कळत नव्हते. ‘याला कळलं की झालं’ असे मॅडमचे म्हणणे.

या वर्षी मॅडमनी साठी पूर्ण केली. निवृत्तीनंतर काय करणार, असे मी परवा विचारले, तर त्या लाजल्या. अगदी विद्यार्थिनीसारख्या. म्हणाल्या, “स्वाहिली शिकून राह्यले. नीमाकडून, फोनवर.” कारण विचारले तर कळले की नीमाच्या आईला इंग्रजी येत नाही, फक्त स्वाहिली येते. लेकीला इतक्या लांब पाठवणाऱ्या त्या माऊलीशी मॅडमना स्वतः बोलायचे आहे, मध्ये कुणी दुभाषा नको आहे. “पण नीमा फार कडक आहे हो,” त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. “एक उच्चार चुकला की परत पहिल्यापासून म्हणायला लावते.”

हिवराळे मॅडमना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे त्यांना लांबच्या प्रवासाला साथ देवोत. समुद्रापलीकडे नीमाच्या घरच्या अंगणात त्या आणि नीमाची आई समोरासमोर बसोत, आणि लेकीविषयी दोघींचे बोलणे मनसोक्त होवो, एवढीच आम्हा सर्वांची सदिच्छा.