बिडी न ओढता

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न कोंडाबाईच्या जिव्हारी लागला. "मावशी, बिडी ओढता का?"

खोकला काही केल्या हटत नव्हता, म्हणून ती डिंगोऱ्याहून ओतूरच्या दवाखान्यात आली होती. साठीला टेकलेली बाई. जन्मात तिनं दाताला मिशरीसुद्धा लावली नव्हती. सोबतची सून हर्षाली म्हणाली, "न्हाई ओ डॉक्टर, आईंना बिडीचा वासबी सहन होत नाही."

डॉक्टरांनी तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. फुंकता फुंकता तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कागदावरची रेघ बघून त्यांनी विचारलं, "चूल कधीपासून फुंकताय?"

"हात पुरायला लागला तवापासून."

"तीच तुमची बिडी. श्वासनळ्या आवळल्यात. गेलं ते परत येणार नाही, पण उरलंय ते जपता येईल. हा तोंडानं ओढायचा पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी घ्यायचा, आणि घेतल्यावर चूळ भरायची. धुरापासून मात्र लांब राहा."

"लांब म्हंजी कुठं?" कोंडाबाईनं विचारलं. तोवर दारातून पुढचा पेशंट आत आला होता.

घरात गॅस होता. पावणे आले की त्यावर चहा व्हायचा, एरवी शेगडीवर फडकं झाकलेलं. भाकरी चुलीवरची, अंघोळीचं पाणी अंगणातल्या बंबात, आणि बंब पेटवायला खताच्या फाटक्या गोण्या. हर्षालीनं त्याच संध्याकाळी भाकऱ्या गॅसवर थापल्या. कोंडाबाईचा नवरा सुभाष पहिला घास घेऊन थांबला.

"ही काय भाकर हाये? कागद चावल्यासारखं लागतंय."

"डॉक्टर म्हणाले ते सांगितलं की तुमाला," कोंडाबाई म्हणाली.

"डॉक्टरला काय, त्यो पाव खातो."

तो वाईट माणूस नव्हता. रागातही कधी तिच्यावर हात उगारला नव्हता. पण आपल्या तोंडाची चव आणि बायकोचा दम यांचा काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. कोंडाबाईनं चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी तिनं पिठाची परात उचलली, चुलीपुढं ठेवली आणि म्हणाली, "घ्या, करा तुमाला पायजे तशी." सुभाष बसला. ओली लाकडं धुमसली, डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला. त्या दिवसापासून तो गॅसवरची भाकरी मुकाट्यानं खाऊ लागला. बंब मात्र सुटला नाही. गोण्या तेवढ्या बंद झाल्या.

महिन्याभरात खोकला कमी झाला. मग वस्तीवरच्या बायका म्हणाल्या, पंपाची सवय लागते, एकदा लागली की सुटत न्हाई. बरं वाटतंय तर कशाला, म्हणून कोंडाबाईनं पंप फळीवर ठेवून दिला. हर्षालीच्या ध्यानात आलं तोवर जिना चढतानाही तिला भिंत धरावी लागत होती. मग सून रोज सकाळी पंप हातात देऊन समोर उभी राहायची.

एवढं जमलं तोच उसाची तोड सुरू झाली. घराला लागूनच चुलत दीर दादाभाऊचं रान. दरसाल तोड झाली की तो रानात पडलेला उसाचा वाळला पाला, पाचट, पेटवून द्यायचा. कोंडाबाई स्वतः बांधावर गेली.

"भाऊ, औंदा पेटवू नका. मला धुरानं दम लागतो."

"आता काय सांगू वहिनी, पेटवल्याशिवाय बुडख्यातनं पुन्हा खोडवा फुटत न्हाई."

"पाचटाची बारीक कुट्टी करून रानातच ठेवत्यात की लोक. त्येचं खत व्हतं."

"बघतो. तुमच्यासाठी म्हून थांबतो."

थांबला तो आठ दिवस. एका दुपारी हर्षाली कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात आकाश पिवळं झालं आणि दोरीवरच्या साडीवर काजळी पडू लागली. तिनं दारंखिडक्या लावल्या, फटींत फडकी कोंबली. तरी धूर आलाच. कोंडाबाईनं तोंडाला ओला पदर लावला, पण ओल्या कापडानं तो बारीक धूर कुठला अडतो? तिचे ओठ निळे पडले. सुनेनं पंप दिला, स्कूटीवर बसवलं आणि तशाच धुरातून ओतूर गाठलं.

चार दिवस ऑक्सिजन लागला. दादाभाऊ बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला आला. खाटेशी बसून म्हणाला, "जपत जा वहिनी. हवा बदलली की असं व्हतंच."

कोंडाबाईनं नाकावरचा मास्क बाजूला केला. "हवा बदलली न्हाई, भाऊ. तुमी पेटवली."

दादाभाऊनं सुभाषकडं बघितलं. सुभाष खाली बघत होता. घरी आल्यावर ती त्याच्यावरच उखडली, "मी मराया टेकले तरी तुमच्या तोंडातनं शब्द निघंना." तो म्हणाला, "भावकीत वाकडं कशाला?" त्या रात्री ती जेवली नाही.

पुढच्या साली दादाभाऊनं खरंच कुट्टीचं यंत्र आणलं. घराकडच्या अर्ध्या रानात फिरवलं आणि उरलेलं पेटवलं. पलीकडं भावकीतल्या सूरजचं रान होतं, त्याच्यापलीकडं आणखी कुणाकुणाचं. डॉक्टरांनी सांगितलं, तोडीच्या दिवसांत गाव सोडा. म्हणून कोंडाबाई बहिणीकडं आणे गावाला आली. तिथं पठारावर ऊस नाही, श्वास मोकळा व्हायचा. पण डोकं शांत होईना. आग लावणारे आपापल्या घरात, आणि ती मात्र दुसऱ्याच्या ओसरीवर.

सुभाषचा फोन आला. "सूरजचं रान ऱ्हायलंय. तू अजून थांब."

"त्येला बोललात?"

"सकाळी बोलतो."

"आत्ता जा. फोन बंद करू नका."

चपलांचा आवाज आला, कुत्रं भुंकलं. मग सुभाषचा अडखळता आवाज तिला ऐकू आला, "सूरज, पेटवू नको, बाबा. आमच्या हिला तरास व्हतो. वरीस झालं, घरात धड झोप न्हाई."

"बघू काका," सूरज म्हणाला. "यंत्रवाला येतो म्हणालाय. आला तर बरं, न्हाई तर किती दिवस थांबायचं?"

कोंडाबाईनं फोन ठेवला. नवरा बोलला, एवढंच पदरात पडलं होतं. घरी परसात लावलेला पावटा तोडायला आला असेल, तो आता झाडावरच वाळणार, या विचारानं तिचा जीव जळत राहिला. बहिणीनं विचारलं, "कधी जायचं म्हणतीस?" तर ती म्हणाली, "मला काय इचारती? काडी त्यांच्या हातात हाये."